किल्लारीकडची वैद्यकी

औषध झाडपाल्याचे आहे म्हणून ते निरुपद्रवी समजावे काय, वैद्याची मात्रा चालू असता डॉक्टरांची गोळी घेतली तर चालते काय, आणि ज्या दुखण्याचे कारण कोणत्याही यंत्रात दिसत नाही त्याचे मूळ शरीरात शोधावे की मनात, हे प्रश्न हल्ली समग्र आरोग्य, नैसर्गिक जीवनपद्धती अशा नावांखाली व्याख्यानांतून आणि मासिकांतून इतक्या हौसेने चर्चिले जातात की, ते आपल्याच पिढीस प्रथम सुचले असावेत असा वाचकाचा ग्रह व्हावा. लातूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरांवर, तेरणेच्या खोऱ्यात, औसा तालुक्यात वसलेल्या किल्लारीसारख्या गावाकडे पाहिले म्हणजे हा ग्रह टिकत नाही. कारण तेथे हेच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारले गेले आहेत, आणि त्यांची उत्तरे ग्रंथांनी जितकी दिली त्याहून अधिक दुष्काळांनी, साथींनी आणि अखेर एका भूकंपाने दिली. किल्लारीचे नाव उर्वरित महाराष्ट्रास ठाऊक झाले ते त्या भूकंपामुळे. परंतु त्यापूर्वी या मुलखातील माणूस अंथरुणास खिळला म्हणजे कोणास बोलावी, काय खाई आणि काय वर्ज्य करी, हे समजून घेतल्यावाचून भूकंपानंतर तेथे जे घडले त्याचा अर्थही नीट लागत नाही.

हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. लातूर जिल्हा १९८२ साली निर्माण झाला. तत्पूर्वी औसा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे, आणि तो जिल्हाही त्याआधी नळदुर्गच्या नावाने ओळखला जाई. निजामी दौलतीची वैद्यकाविषयीची आस्था थोडी नव्हती. चारमिनारच्या परिसरात युनानी तिब्बी रुग्णालय व विद्यालय उभे राहिले, मुसी नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू झाली, भूल देण्याच्या क्लोरोफॉर्मची जगाने दखल घेतलेली चौकशी १८८८ व १८८९ साली हैदराबादेतच झाली, आणि ज्या हिवतापाने या राज्यातील रयत दर पावसाळ्याअखेर थरथरत पडे त्याचा जंतू डासाच्या शरीरात प्रथम ओळखला गेला तोही याच राज्यातील सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली. तथापि हे सारे वैभव राजधानीचे होते. मौज्यातल्या कुळापर्यंत रॉस यांच्या शोधाचा लाभ पोहोचण्यास अर्धे शतक लोटावे लागले. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटीचे फवारे घराघरांच्या भिंतींवर बसू लागले, तेव्हा कोठे तो आला. तोवर सरकारी दवाखाना असला तर कसब्याच्या ठिकाणी, आणि कसब्याची वाट काळ्या जमिनीतून जाणारी. पावसाळ्यात गाडीचे चाक रुतले म्हणजे रोगी आणि रोग दोघेही वाटेतच.

अशा स्थितीत रोग्याचा भार जे उचलीत त्यांची मांदियाळी लहान नव्हती. हस्तलिखित बाडावरून काढे व मात्रा देणारा वैद्य. नुस्खा लिहून देणारा आणि नाडी पाहण्यात वैद्याशी स्पर्धा करणारा हकीम. लिंगायत वस्तीत मठाचा जंगम, ज्याच्या हातची विभूती आणि ज्याच्या घरचा काढा यांत रोगी फारसा भेद करीत नसे. हाड बसविणारा, जो पुष्कळदा मेंढपाळ किंवा शेतकरीच असे. आणि सुईण, जिच्यावाचून एकही घर वाढले नाही. यांतल्या काहींच्या पूर्वजांना वैद्यकीबद्दल इनाम जमीन मिळालेली असे, बहुतेकांना मात्र सुगीला मिळणाऱ्या ज्वारीच्या पायलीवर समाधान मानावे लागे. हकिमाकडे हिंदू जात आणि वैद्याकडे मुसलमान जात. आजारपणात माणूस धर्म पाहत नाही, गुण पाहतो, हे त्या मिश्र वस्तीच्या मुलखात वेगळे सांगावे लागत नसे. आयुर्वेदाचे दोष आणि युनानीचे मिजाज यांची सांगड विद्वानांनी घालण्यापूर्वीच मराठवाड्याच्या आजीबाईंनी ती ‘उष्ण’ आणि ‘थंड’ या दोन शब्दांत घालून टाकली होती.

या सर्वांस रोगी जो पहिला प्रश्न विचारी तो औषधाचा नसे. तो असे, ‘पथ्य काय?’ आणि माझ्या मते त्या जुन्या वैद्यकीचे सर्वांत टिकाऊ धन या एकाच प्रश्नाच्या उत्तरात साठले होते. जुन्नरचे कवी-वैद्य लोलिंबराज यांनी आपल्या ‘वैद्यजीवन’ या लोकप्रिय ग्रंथात पथ्याला औषधापेक्षा वरचे स्थान दिले आहे. ते संस्कृत ज्यांनी कधी ऐकले नाही त्यांच्या चुलीवरही त्याचाच अंमल होता. ताप आला की भाकरी बंद आणि ज्वारीच्या कण्या किंवा मुगाचे पातळ वरण सुरू, सर्दीपडशाला हुलग्याचे माडगे, उन्हाळ्यात आंबील, बाळंतिणीला खोबरे, डिंक, अळीव आणि शेपूची भाजी, व वाऱ्यापासून जपणूक, तान्ह्या बाळाला सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, जिच्यात मुरडशेंग, वेखंड, बाळहिरडा, जायफळ, हळकुंड यांचे वेढे मोजून घेतले जात, कारण वेखंडाचा वेढा अधिक पडला तर बाळ ओकते हे घरच्या म्हातारीस पक्के ठाऊक असे. मात्रेचे हे भान लक्षात ठेवण्याजोगे आहे. वनस्पती सौम्य असते म्हणून हवी तितकी द्यावी, ही समजूत जुन्या माजघरात नव्हती. ती बाटलीबंद रसांच्या जाहिरातींबरोबर आली. चैत्रात गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने गुळाबरोबर खाण्याचा जो परिपाठ आहे, त्यातही वर्षभर निंबाचा रस पेलाभर पिण्याची आज्ञा कोणी वाचली असेल तर ती मला दाखवावी.

साथीच्या रोगांत ही पथ्याची बुद्धी किती दूरवर पोहोचली होती, याचे उदाहरण देवीच्या आजाराचे. घरात देवी आल्या म्हणजे दाराला कडुनिंबाचे डहाळे लागत, फोडणी बंद होई, पाहुण्यारावळ्यांना मज्जाव होई, घरचा माणूस परगावी जात नसे, रोग्याला अंधाऱ्या व थंड जागेत निजवून निंबाच्या पाल्याने वारा घालीत, आणि खपल्या पडेपर्यंत हे सर्व चाले. कारण म्हणून शीतलेचा कोप सांगितला जाई. परंतु परिणाम म्हणून जे घडे त्यास आजचा आरोग्य अधिकारी विलगीकरण म्हणेल. श्रद्धेच्या वेष्टनात इतकी व्यवहार्य व्यवस्था सापडल्यावर तिची टर उडविण्याचा मोह सुशिक्षितांनी आवरावा. मात्र येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. निंबाच्या डहाळ्याने साथ मंदावली असेल. ती संपविली ती लशीने. गावोगाव हिंडून दंडावर टोचणाऱ्या त्या सरकारी नोकराला लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणत, त्याला पाहून पोरे कणगीमागे लपत, आणि त्याच्याच जातीच्या हजारो अल्पवेतनी माणसांच्या पायपिटीमुळे १९७७ साली भारत देवीमुक्त म्हणून घोषित झाला. या भागातील पन्नाशी उलटलेल्या माणसांच्या दंडावरचे व्रण त्या पायपिटीची साक्ष अजून देतात.

नारूची कथा याहून बोधक आहे. अवर्षणाच्या पट्ट्यात, जेथे पायऱ्यांच्या बारवांत उतरून माणसे पाणी भरीत, तेथे पायातून हातभर लांब पांढरा दोरा बाहेर येण्याचा हा रोग होता. शेतीच्या ऐन हंगामात तो माणसाला खाटेवर टाकी. त्यावरचे घरगुती उपाय असंख्य होते, गुळातून हिंग देण्यापासून पाल्याचे पोटीस बांधण्यापर्यंत. आणि काडीवर दररोज थोडा थोडा गुंडाळून नारू तोडू न देता काढण्याचे कसब काही हातांना साधलेले असे. त्या कसबाचे मोल मोठे होते, पण त्याने पुढच्या वर्षीचा नारू थांबत नसे, कारण रोगी व्रणासह बारवेत उतरे, तेथे अळ्या पाण्यात पडत, त्या पाण्यातील सूक्ष्म कीटक गिळीत, आणि ते पाणी सारे गाव पिई. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने जे केले ते औषधच नव्हते: पाणी दुहेरी फडक्याने गाळा, बारवेत उतरू नका, हातपंपाचे पाणी प्या. या तीन सूचनांच्या जोरावर देश २००० साली नारूमुक्त ठरला. नैसर्गिक उपचार म्हणावा तर याहून शुद्ध उपचार कोणता? तरीही निसर्गोपचाराच्या पुस्तकांत याचा उल्लेख क्वचित आढळतो; बहुधा त्यात विकण्यासारखे काही नाही म्हणून.

आता ज्या प्रश्नाला आजचा वाचक सर्वांत अधिक चिकटून असतो, तो निरुपद्रवीपणाचा. ज्या माणसाच्या बांधावर धोतरा, रुई आणि बिब्बा उगवतो त्याला असा प्रश्न पडतच नाही. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते हे त्याने अंगावर पाहिलेले असते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याचा धोका असतो हे तो पोरांना बजावून सांगतो. जुन्या वैद्यकीची काळी बाजूही याच मातीतली आहे. पोट फुगलेल्या तान्ह्या लेकराला तापल्या लोखंडाने डाग देण्याची चाल मराठवाड्यातही होती. विळ्याने नाळ कापून त्यावर राख लावल्याने बाळाला धनुर्वात होई आणि सातव्या-आठव्या दिवशी ते जाई. सुइणीला निर्जंतुक पाते आणि गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस मिळू लागली तेव्हाच तो अनर्थ ओसरला, आणि २०१५ साली भारतातून मातांचा व नवजातांचा धनुर्वात हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. बांबूच्या कामट्या बांधून हाड बसविणाऱ्याचा हात साध्या मोडीत पुष्कळदा यशस्वी होई. पण जखम उघडी असली किंवा बांधणी आवळली गेली तर अवयव सडे. विंचू उतरविणाऱ्याच्या मंत्राचा लौकिक मोठा, आणि बहुतेक विंचू प्राणघातक नसल्याने तो टिकूनही राही. लाल विंचवाच्या दंशाने माणूस दगावे तो हृदयावर पडणाऱ्या ताणाने, आणि प्राझोसिन नावाच्या एका साध्या गोळीने ते मरण टळते हे दाखवून दिले महाडच्या परिसरात रुग्णसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, जे मूळचे मराठवाड्यातील जालना जिल्ह्याचे. अगदी अलीकडे, महासाथीच्या दिवसांत घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला तेव्हा यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास हरकत घेतली. वाद शास्त्रज्ञांनी मिटवावा. आपण इतकेच जाणावे की, ज्या वनस्पतीत गुण करण्याची शक्ती आहे तिच्यात अवगुण करण्याचीही असते, आणि दोन्हींपासून मुक्त असलेली वनस्पती भाजीत घालावी.

या विषयात १९४६ हे साल मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी भोर समितीने आपला अहवाल सादर करून खेडोपाडी प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नसून शरीर, मन व समाज या तिन्हींची सुस्थिती होय, असे नमूद झाले. आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महात्मा गांधींनी पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे मुक्काम करून गरीब खेडुतांवर माती, पाणी, सूर्यप्रकाश, आहार आणि रामनाम यांनी उपचार आरंभिले. जर्मनीतील लुई कुने आणि अडॉल्फ जुस्ट यांच्या ग्रंथांनी त्यांना दक्षिण आफ्रिकेत असतानाच या मार्गाचा छंद लावला होता. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचारगृह होतेच. पण खेड्यातल्या दरिद्री माणसाला परवडेल असा उपचार खेड्यातच झाला पाहिजे, हा गांधींचा आग्रह, आणि तो मणिभाई देसाई यांनी उरुळीतच जन्म घालवून पाळला. गांधींच्या नावाने आज जे निसर्गोपचाराचे टोकाचे समर्थन करतात त्यांनी मात्र आणखी एक तारीख स्मरावी. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, येरवड्याचा कैदी असलेल्या या निसर्गोपचारभक्ताने पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली. मध्येच विजेचा दिवा गेला आणि कंदिलाच्या उजेडात ती पूर्ण झाली. तत्त्वनिष्ठेची याहून कठोर परीक्षा कोणती, आणि त्या परीक्षेत त्यांनी शहाणपण निवडले.

निजामी अमलाखालील किल्लारीला मात्र १९४६ साली भोर अहवालही पोहोचला नाही आणि उरुळीही. मुंबई इलाख्यात वैद्य-हकिमांची नोंदणी १९३८ च्या कायद्याने सुरू झाली होती. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, आणि पुढे महाराष्ट्राच्या १९६१ च्या अधिनियमाने येथील वैद्यांनाही नोंदवहीत जागा मिळाली. लातुरात १९६६ साली विवेकानंद रुग्णालय निघाले, अंबाजोगाईस १९७४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. या अवधीत बाडावरचा वैद्य मागे पडला, पदवीधर आला, आणि इंजेक्शन ही एक नवी श्रद्धा होऊन बसली; ज्याने सुई टोचली नाही तो डॉक्टरच नव्हे, असा जो समज मराठवाड्याच्या खेड्यांत रुजला त्याला जुन्या गंडेदोऱ्यांहून अधिक शास्त्रीय म्हणता येईल काय, याची मला शंका आहे.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारीच्या भूमीतून गडगडाट ऐकू येऊन धक्के बसले होते, लोक काही काळ उघड्यावर निजलेही होते. परंतु देशाच्या नकाशावर हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगविलेला होता. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि सरकारी गणनेनुसार ७,९२८ माणसे गेली. ५२ गावे जमीनदोस्त झाली. भूकंपाची तीव्रता जगाच्या हिशेबाने फार मोठी नव्हती. माणसे मारली ती माळवदांनी. दगड आणि चिखलाच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर दरवर्षी थापत आलेला पांढऱ्या मातीचा फूट-दीड फुटाचा थर, अशी ही घरे उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार असत. बाहेरून एकही वस्तू विकत न आणता, शिवारातल्या दगडमातीवर आणि आजोबांच्या कौशल्यावर ती उभी राहत. आज ज्यांना निसर्गानुकूल गृहरचना म्हणून गौरविले जाते त्यांचे सर्व गुण त्यांच्यात होते. त्या रात्री तेच गुण छातीवर कोसळले. नैसर्गिक म्हणजे सुरक्षित, हे समीकरण किल्लारीत पुन्हा मांडण्याचे धाडस कोणी करू नये.

मोडलेली हाडे, चिरडलेले अवयव, वरून पाऊस. जखमींना लातूर, उमरगा, सोलापूर येथील रुग्णालयांत हलविले गेले, लष्कर आले, देशभरातून डॉक्टरांची पथके आली. या घडीला काढ्याचा आणि पथ्याचा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि ते योग्यच होते. परंतु पथके परतली, टाके सुटले, पत्र्याच्या निवाऱ्यांत आणि पुढे नव्या जागी बांधलेल्या गावांत माणसे राहू लागली, तेव्हा निराळ्याच तक्रारींची रीघ दवाखान्यांपुढे लागली. छातीत धडधडते, झोप लागत नाही, ट्रकचा आवाज झाला तरी अंगाला कापरे भरते, अन्न गोड लागत नाही, हातापायात जीव नाही. तपासणीत काहीच निघत नसे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास या भागात हाती घेतला. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले, आणि खेड्यातल्या बाईला आपले दुखणे सांगण्यास दार मोकळे झाले. सुश्रुताने स्वस्थ माणसाचे लक्षण सांगताना मनाची प्रसन्नता त्यात गोवली होती. पण ज्याचे अर्धे घर मातीखाली गेले त्याची प्रसन्नता कोणत्या मात्रेने परत आणावी? येथे शहाणे वैद्यक आणि जुना मठ यांनी नकळत एकच काम केले. भजनाला माणसे पुन्हा बसली, किल्लारीच्या निळकंठेश्वराची यात्रा पुन्हा भरली, मेलेल्यांचे वर्षश्राद्ध सामुदायिक झाले. आणि ज्यांना एवढ्याने बरे वाटेना त्यांना गोळ्या लागल्या, त्या घेण्यात कमीपणा नव्हता. जुना सुईण-वैद्य-जंगम यांचा समाज ज्या एका गोष्टीत आधुनिक रुग्णालयाहून सरस होता ती हीच की, तो रोग्याच्या घरी येई आणि बसे.

नव्या गावांतील सिमेंटची घरे उन्हाळ्यात तापतात अशी तक्रार तेथे ऐकू येते. ती खरी आहे, आणि तरीही त्या घरात निजणाऱ्याला आपण परत माळवदाकडे जा असे सांगू शकत नाही. हाच न्याय औषधालाही लावावा. पथ्य, ऋतूप्रमाणे आहार, अंगमेहनत, तेल लावून स्नान, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, गाळलेले पाणी, माणसांची सोबत, ही जुन्या वैद्यकीची ठेव निःशंकपणे वापरावी. सर्पदंश, अडलेले बाळंतपण, उघडी मोड, साखर आणि रक्तदाब यांसाठी मात्र कोणी पाला सुचविला तर त्याचे आभार मानून रुग्णवाहिकेस बोलवावे, आणि जो काढा घेतला असेल तो डॉक्टरांपासून लपवू नये.

एक विनंती मात्र उरते. भूकंपात या गावांतील घरांबरोबर वृद्धांची एक पिढी गेली, आणि जी वाचली तिच्यातल्या सुइणी आणि हाड बसविणारे आता फार थोडे राहिले आहेत. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी, आणि या भागातील आयुर्वेद महाविद्यालयांनी, गावोगाव जाऊन त्यांच्या तोंडून बाळगुटीच्या वेढ्यांपासून चुकलेल्या उपचारांपर्यंत सर्व काही, गुणासह आणि दोषासह, लिहून घ्यावे. हे काम पुढच्या दहा वर्षांत झाले नाही तर ते कधीच होणार नाही.